मागच्या ओळीतला आवाज

पालम विहार, गुडगाव
२ फेब्रुवारी १९९७

पालम विहार मराठी मित्रमंडळाच्या सर्व सभासदांस,

तीस-तीस वर्षं राजधानीच्या फायलींवर टिपणं लिहून आता तिच्या वेशीबाहेर राहायला आलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

तुमची तक्रार मला ठाऊक आहे, कारण ती माझीही आहे. दिल्लीने आपल्याला कधी ओळखलं नाही. मंत्री आले नि गेले. त्यांची भाषणं आपण टाइप केली, त्यांच्या उत्तरांतल्या चुका आपण दुरुस्त केल्या, खाली सही त्यांची. सव्वीस जानेवारीचा पास मिळालाच तर शेवटच्या रांगेचा, जिथून हत्तीचं शेपूट तेवढं दिसतं. निवृत्त झालो, सरकारी क्वार्टर सुटलं, आणि ही जागा मिळाली. इथे बस येत नाही, नळाला पाणी येईल याचा भरवसा नाही, आणि समोरच्या मोहरीच्या शेतात दर आठवड्याला एका नव्या टॉवरची पाटी उगवते. त्या टॉवरांत राहायला येणारे आपल्याला ‘अंकलजी’ म्हणतील आणि गाडीची काच वर करतील. आयुष्यभर आपण मागच्या रांगेत बसलो.

पण आपल्यातली एक मुलगी मागच्या रांगेत बसली नाही.

रामकृष्णपुरमला आमच्याच जिन्यावर राहणारे माझे सहकारी कै. दामू साळवे यांची कन्या विनया. मूळ अहमदनगरचं ख्रिस्ती कुटुंब. आई कुसुमावतीबाई चर्चमध्ये गात. आमच्या ऑफिसच्या वार्षिक नाटकात सोळाव्या वर्षी ही मुलगी नायिका झाली आणि तिने पहिलं पद म्हटलं तेव्हा सेक्शन ऑफिसर खुर्चीवरून उठले. पुढे शिष्यवृत्तीवर ती पूर्व जर्मनीत गेली आणि आज अकरा वर्षं तिथल्या ऑपेरात गाते. ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक. फरक इतकाच की तिथे भांडणसुद्धा गाऊन करतात. एका प्रयोगात तिला तीन वन्समोर मिळाल्याचं तिचं पत्र माझ्यापाशी आहे. राणीच्या वेषातला तिचा फोटो माझ्या भिंतीवर आहे. ज्याला शंका असेल त्याने चहाला यावं.

स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त रविवार, २३ नोव्हेंबरला ती आपल्या मंडळासाठी गाणार आहे. वन्समोर द्यायला घसे तयार ठेवा.

आपला,
शांताराम खोत
अध्यक्ष

---

जर्मनी
३ मार्च १९९७

ति. काका आणि काकू,

नमस्कार.

मंडळाचं पत्रक मिळालं. काका, तुम्ही लिहिलं की अजूनही ऐकूच येतं. मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि अर्ध्यावर खुर्ची ओढून बसले.

पण मला न विचारता तारीख का जाहीर केलीत? नोव्हेंबरात आमचा हंगाम ऐन भरात असतो, आणि रजा इथेही मागावीच लागते. शिवाय थिएटरचं काही खरं नाही. बर्लिनची भिंत पडल्यापासून इथे सगळं ‘कार्यक्षम’ करणं चालू आहे. शेजारच्या गावचं थिएटर आणि आमचं, दोन्ही मिळून एक करणार म्हणतात. तुमच्याकडे कारखाने येताहेत, आमच्याकडचे बंद होताहेत. शब्द मात्र तेच ऐकू येतात.

माझा आवाजही हल्ली पूर्वीसारखा राहिलेला नाही. वय पस्तीस झालं. त्यापेक्षा पुण्या-मुंबईचं कुणीतरी चांगलं बोलवा ना. लोकांना कळणारं गाणं होईल.

आणि तो फोटो भिंतीवरून काढा. फार जुना आहे.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं? तुमच्या अनुरागला सांगा, त्याने पाठवलेला ई-मेलचा पत्ता मला वाचता येत नाही.

तुमची,
विनया

---

पालम विहार
२६ मार्च १९९७

चि. विनयास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा काका म्हणून, दुसऱ्यांदा चाळीस वर्षं युनियन चालवलेला माणूस म्हणून. दुसऱ्या वाचनात तुझी एकही सबब टिकली नाही.

रजा? मी तुमच्या संचालकाला इंग्रजीत पत्र लिहितो. आवाज? पस्तिशीत आवाज पिकतो. लोकांना कळणार नाही? कोळ्याला समुद्र कळतो का, असं कुणी विचारत नाही. तो त्यात उतरतो. आपल्या लोकांना खाली ओढणारं हे वाक्य मी परक्यांच्या तोंडून आयुष्यभर ऐकलं. तुझ्या तोंडून ऐकणार नाही.

निमंत्रणपत्रिका छापून झाल्या. तुझा फोटो, खाली ‘जर्मन रंगभूमीची मराठी नायिका’. भालचंद्र पेठे, आमचा चिटणीस, तो म्हणत होता, “खोतसाहेब, नायिका म्हणजे बिल्कुल हिरॉइनच ना? नंतर गडबड नको.” मी म्हटलं, “पेठे, तुम्ही हिशेब तपासा, माणसं मी तपासतो.”

तू दुसरीत असताना बोट क्लबच्या हिरवळीवर तुझ्या वडिलांच्या खांद्यावर बसून माझं भाषण ऐकलं होतंस. घरी येऊन मला विचारलंस, “काका, तुम्हाला भीती नाही वाटत?” मी म्हणालो होतो, समोर चाळीस हजार माणसं असली की भीती त्यांच्यात वाटली जाते, प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते. आता तुझ्या समोर दीडशे असतील, आणि सगळी घरची.

कळव, कुठल्या विमानाने येतेस.

तुझा काका,
शांताराम

---

जर्मनी
२० एप्रिल १९९७

ति. काका,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं. पाचव्यांदा फाडणार नाही.

मी नायिका नाही. कधीच नव्हते. मी समूहात गाते. ऑपेरात नायक-नायिकांच्या मागे एक मोठा समूह असतो. कधी तो गावकरी होतो, कधी सैनिक, कधी दरबारी, कधी कैदी. आम्ही चाळीस जण आहोत आणि तीच आमची नोकरी. सकाळी दहाला तालीम, संध्याकाळी प्रयोग, नाटक बदललं की कपडे बदलायचे. मी खालच्या पट्टीतल्या बायकांत उभी असते, मागच्या ओळीत, डावीकडून तिसरी. पत्रकावर आमची नावं नसतात. फक्त ‘समूह’ असं छापतात.

फोटोत मी राणी नाही. त्या अंकात दरबार असतो, सगळ्याच बायकांना तसले झगे आणि मुकुट असतात. फोटो मोठा होता. मी पाठवताना दोन्ही बाजू कात्रीने कापल्या.

वन्समोर तीन नव्हते. एकही नव्हता. समूहाला वन्समोर देत नाहीत, काका. इथे ती पद्धतच नाही.

तुम्हाला वाटेल मी पहिल्यापासून फसवलं. तसं नव्हतं. १९८६ मध्ये मला इथे घेतलं तेव्हा मी एवढंच लिहिलं होतं, ‘मला ऑपेरात घेतलं.’ तुम्ही ते पत्र घेऊन आईकडे गेलात. आई तेव्हा हिंदूराव हॉस्पिटलात अॅडमिट होती. तुम्ही तिच्या खाटेपाशी उभं राहून ते पत्र सगळ्या वॉर्डाला वाचून दाखवलंत आणि तुमच्या पद्धतीने वाढवलंत. आईने मला लिहिलं, ‘शांतारामभाऊ म्हणाले, तू नायिका झालीस. नर्ससुद्धा टाळ्या वाजवत होत्या.’ तिच्या हातचं ते शेवटचं पत्र. त्यानंतर मी काय दुरुस्त करणार होते? आई ज्यावर खूश होऊन गेली ते खोटं आहे, हे कुणाला सांगणार होते? दोन वर्षांनी तुम्ही विचारलंत, ‘वन्समोर किती?’ आणि मी लिहिलं, तीन.

काका, एक गोष्ट मात्र खरी सांगते, तिला खोट्यात मोजू नका. मला हे काम आवडतं. पहिली दोन वर्षं मी पुढे जायची धडपड केली, परीक्षा दिल्या, नाकारली गेले, रडले. मग एका संध्याकाळी आम्ही सगळे मिळून एक लांब स्वर धरला होता आणि माझ्या लक्षात आलं की मला माझा आवाज वेगळा ऐकू येत नाहीये, आणि तरीही तो थांबला तर काहीतरी कमी होईल. त्यानंतर मी पुढे जायची परीक्षा दिली नाही.

नोव्हेंबरात मी येऊ शकते. पण त्या पत्रिकेवरची बाई म्हणून येऊ शकत नाही. लोकांना तुम्ही सांगा, किंवा मला बोलावू नका.

विनया

---

पालम विहार
१० मे १९९७

विनया,

पत्र मिळालं. कार्यक्रम रद्द करतो आहे.

मी तुला मागे उभं राहायला पाठवलं नव्हतं. मागे उभं राहायला इथे पुष्कळ जागा होती.

शांताराम खोत

---

पालम विहार
२८ जून १९९७

चि. विनू,

आशीर्वाद. मी काही पत्र लिहिणारी नव्हे, तुला माहीत आहे. घरात एक लिहिणारा पुरेसा असतो. पण दीड महिना झाला, यांनी तुला लिहिलेलं नाही आणि तुझंही काही नाही, म्हणून बसले.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. मला माहीत होतं. नऊ वर्षं माहीत होतं. तो फोटो आला तेव्हा यांनी मुकुट पाहिला, मी कड पाहिली. एका कडेला कुणाचा तरी अर्धा खांदा राहिलाय, आणि त्याच्यावर तुझ्यासारखाच झगा आहे, तशीच झालर. एकाच ताग्यातून बेतलेले कपडे कुणाचे असतात? मी रामकृष्णपुरमात पंधरा वर्षं शाळेच्या गॅदरिंगचे कपडे शिवले, बाई. राणीचा कपडा एकच शिवतात. पण तू खूश दिसत होतीस. म्हटलं, पोरीला सांगायचं तेव्हा सांगेल.

तू फोटो काढायला सांगितलास म्हणून मी मार्चमध्येच म्हटलं, काढू का. यांनी नाही म्हटलं. मग मे महिन्यात स्वतःच काढला. तिथे आता पांढरा चौकोन राहिलाय. ते त्या चौकोनाकडे पाठ करून जेवतात.

कार्यक्रम रद्द झालेला नाही. तुला तसं लिहिलं, पण मंडळाला सांगायची हिंमत त्यांना झाली नाही. भालचंद्र येतो, विचारतो, “हॉलची चावी घेऊन ठेवू ना?” हे म्हणतात, “घ्या, घ्या.” तो गेला की अंघोळीला जातात. दिवसातून तीन-तीन अंघोळी. त्यातही नळाला पाणी असेल तर.

आता पाण्याचीच गोष्ट सांगते.

या महिन्यात सोसायटीची मोटर जळली आणि अकरा दिवस पाणी नव्हतं. बिल्डरचा माणूस रोज “कल हो जाएगा जी” म्हणायचा. अनुराग म्हणाला, “बाबा, टँकर मागवू या, प्रॉब्लेम सॉल्व्ह. भाषण कशाला?” हे म्हणाले, “तुझ्या एका घराचा टँकर. बाकीच्या साठ घरांचं काय?” तो म्हणाला, “ते पण मागवतील. यार बाबा, आता तसं काही राहिलेलं नाही.” पुढच्या रविवारी सकाळी यांनी खादीचा कुर्ता घातला, गेटपाशी गेले आणि वॉचमनच्या स्टुलावर चढले.

बोलले छानच. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, आवाज गेलेला नाही. लोक बाल्कन्यांत आले. कुणी चहाचा कप घेऊन, कुणी दात घासत. भाषण संपलं आणि यांनी सवयीने हात वर केला आणि ओरडले, “हमारी एकता...”

आणि थांबले. तुला ठाऊक आहे ना, पुढचं लोकांनी म्हणायचं असतं.

कुणी म्हटलं नाही.

हात तसाच वर. वरून एका बाईचा आवाज आला, “अंकलजी, लाउडस्पीकर लगवा लीजिए.” दुसऱ्या बाल्कनीत कुणीतरी हसलं. यांनी पुन्हा म्हटलं, “हमारी एकता...” विनू, मी चाळीस वर्षं या माणसाला चिडलेलं पाहिलंय, आजारी पाहिलंय. असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी ना, तसं तोंड झालं होतं.

मी भाजी घेऊन गेटातून येत होते. एका हातात दुधी. मला घोषणा कधी देता आल्या नाहीत, लाज वाटते. पण मी म्हटलं, “ज़िंदाबाद.” इतकं हळू की दुधीलाच ऐकू गेलं असेल. पण इस्त्रीवाली भानुमती बाजूलाच टेबल लावून बसते, परभणीची आहे, तिने ऐकलं. तिने इस्त्री उभी केली आणि म्हणाली, “मोठ्यानं म्हणा की वहिनी.” आणि ती अशी ओरडली की बाल्कनीतला कप हलला. मग वॉचमन. मग भाजीवाला, त्याचं इथे घरही नाही. मग तिसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर. असे आम्ही सात-आठ झालो.

मोटर मंगळवारी बसली. आमच्या ओरडण्याने की काय, देव जाणे. काल मला म्हणाले, “प्रमोदिनी, साळवे कुठे उभा राहायचा गं?” मी म्हटलं, “कुठे म्हणजे?” म्हणाले, “मोर्च्यात. मी स्टेजवर असायचो. तो कुठे असायचा?”

मी सांगितलं नाही. म्हटलं, पोरीला विचारा, ती त्याच्या खांद्यावर असायची.

तर ते तुला विचारतील. नीट उत्तर दे. आणि जेवत जा.

काकू

---

पालम विहार
९ जुलै १९९७

चि. विनयास आशीर्वाद.

मे महिन्यातलं माझं पत्र जवळ असेल तर फाडून टाक. नसशील फाडत तर ठेव. माणसाने आपली दोन ओळींची चूकसुद्धा समोर ठेवावी, असं मीच इतरांना सांगत आलो आहे.

तुझ्या काकूने तुला लिहिलं आहे, हे मला कळलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. माझा अंदाज आहे की दुधी त्यात आहे.

मी आयुष्यभर माणसांना सांगितलं की एकटा माणूस म्हणजे अर्ज आणि दहा हजार माणसं म्हणजे मागणी. हे मी टाळ्या घेत सांगितलं. आणि माझ्या जिन्यावरची एक मुलगी चाळीस जणांत चाळिसावी म्हणून प्रामाणिकपणे उभी राहिली, तेव्हा मला तिची लाज वाटली. ज्या व्यवस्थेविरुद्ध मी गळा फाडला, ती म्हणते, सही एकाची, फोटो एकाचा, बाकीचे टाइप करणारे. आणि मी माझ्या भिंतीवर कापलेला फोटो लावून तिचीच पूजा करत होतो. दोन बाजू तू कात्रीने कापल्यास हे खरं. पण कात्री तुझ्या हातात मी दिली होती.

एक प्रश्न विचारतो. तुझे वडील मोर्च्यात कुठे उभे राहायचे? मला आठवत नाही. शंभर सभा आम्ही एकत्र केल्या आणि मला आठवत नाही.

शांतारामकाका

---

जर्मनी
२ ऑगस्ट १९९७

ति. काका,

बाबा अगदी मागे उभे राहायचे. झाडांच्या पलीकडे, जिथे पाण्याच्या टाक्या ठेवलेल्या असायच्या. मी एकदा हट्ट केला, पुढे चला, काका दिसत नाहीत. बाबा म्हणाले, “पुढचे लोक ओरडणारच गं. शांतारामचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतो. इथे तो पोचत नाही. इथे कुणीतरी सुरुवात करावी लागते.” मग तुम्ही लांब, बोटाएवढे, हात वर करायचात. तुम्ही काय म्हणालात ते आम्हाला ऐकूच यायचं नाही. बाबा हात बघून ओरडायचे आणि आजूबाजूचे शंभर लोक त्यांच्या मागून. तुम्हाला स्टेजवर जो आवाज येत होता, त्यातला मागचा भाग बाबा होते.

मी इथे तेच करते, काका. आमच्या ओळीला पुढच्या गायिका नीट ऐकू येत नाहीत. वाद्यवृंद चालवणारे मास्तर समोर असतात, आम्ही त्यांच्या हाताकडे बघून सूर उचलतो. नव्या मुलींना उशीर होतो, म्हणून त्या माझ्या श्वासाकडे बघतात. मी श्वास घेतला की त्या घेतात. अकरा वर्षांत मी कमावलेलं काही असेल तर ते हे.

तुम्हाला आमचं एक गुपित सांगते. कधी कधी एक स्वर इतका लांब असतो की कुणाही माणसाच्या छातीत तेवढी हवा नसते. तरी तो तुटायचा नसतो. मग आम्ही आळीपाळीने श्वास घेतो. नियम एकच: शेजारीण श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही. ती परत आली की हळूच आपण थांबायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, ही माणसं श्वास घेतच नाहीत. एकट्या नायिकेला हे कधी जमणार नाही, कितीही मोठी असली तरी.

आता बातमी. दोन थिएटरं एक झाली. चाळिसाचे चोवीस केले. यादी गेल्या शुक्रवारी दारावर लागली, तीत माझं नाव नाही. त्याआधी सभा झाली होती. कुणी बोलेना, तेव्हा मी उठले. मला तुमच्यासारखं बोलता येत नाही, शिवाय जर्मनमध्ये. मी एवढंच म्हणाले की चाळीस लोक आळीपाळीने श्वास घेऊ शकतात, चोवीस लोकांना तो स्वर तोडावा लागेल. संचालकांनी लिहून घेतलं. चांगला माणूस आहे, पण यादी त्याचीही नसते. सगळ्या ओळीने टाळ्या वाजवल्या. काका, माझ्या आयुष्यातला तो एकमेव वन्समोर, आणि तो गाण्याला नव्हता.

तर रजेचा प्रश्न सुटला. सप्टेंबरअखेर इथलं काम संपतं. पुढे कुठे गाईन, गाईन की नाही, मला माहीत नाही. दुसरीकडे परीक्षा द्यायचं वय निघून गेलंय. भीती वाटते. समोर चाळीस हजार असते तर वाटून टाकली असती.

मी नोव्हेंबरात मंडळासाठी गाऊ का, असं तुम्ही विचारलेलं नाही. मी विचारते. एकटी गाणार नाही. मला तीस माणसं द्या. गाता येत नसलं तरी चालेल. भानुमतीबाई नक्की हव्यात. सहा रविवार द्या. काय गायचं ते आल्यावर ठरवू, पण सुरुवात एका स्वराने करायची, नुसत्या ‘आ’ने. पन्नास मोजेपर्यंत तो तुटता कामा नये.

लोकांना खरं सांगितल्याशिवाय मी हॉलमध्ये पाय ठेवणार नाही. तुमची विनू असले तरी.

विनया

ता. क. काकूंना सांगा, झालरीचं कुणाच्या लक्षात येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आमच्या शिवणखात्यात त्यांना ताबडतोब घेतलं असतं.

---

पालम विहार, गुडगाव
२१ सप्टेंबर १९९७

पालम विहार मराठी मित्रमंडळाच्या सर्व सभासदांस,

बंधूंनो आणि भगिनींनो,

फेब्रुवारीत मी तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं. त्यातली तीन विधानं खोटी होती. विनया साळवे नायिका नाही. तो फोटो राणीचा नाही. वन्समोर तीन नव्हते. पहिलं खोटं मी तिच्या मरणाऱ्या आईच्या खाटेपाशी उभं राहून बोललो, मला ते खरं वाटत होतं म्हणून, आणि खरं आहे का हे विचारायची गरज वाटली नाही म्हणून. ती मुलगी अकरा वर्षं माझ्या वाक्याचं ओझं वाहत होती. तिने मला सत्य कळवलं त्याला पाच महिने झाले. हे पाच महिने मी तुमच्यापासून लपवलं, भालचंद्र पेठ्यांनी दर आठवड्याला विचारूनही. त्यांची आणि तुम्हा सर्वांची मी माफी मागतो. अध्यक्ष बदलायचा असेल तर जरूर बदला. राजीनामा या पत्राला जोडला आहे.

पण त्याच पत्रात एक चौथं विधान होतं, आणि आज मला ते सर्वांत खोटं वाटतं. मी लिहिलं होतं, आयुष्यभर आपण मागच्या रांगेत बसलो. जणू ती नामुष्की होती.

तुमच्यातले पुष्कळ जण बोट क्लबवर होते. मी स्टेजवर होतो. चाळीस हजार लोकांचा आवाज माझ्या अंगावर येत असे आणि मला वाटे, तो मी काढला. तो मी काढला नव्हता. पाण्याच्या टाक्यांपाशी दामू साळवे नावाचा एक अप्पर डिव्हिजन क्लार्क उभा असे. माझं बोलणं ऐकू न येता, नुसता माझा हात बघून, तो सुरुवात करी. त्याचं नाव एकाही वर्तमानपत्रात आलं नाही. मी त्याच्या जिन्यावर अठरा वर्षं राहिलो आणि मलाही ते ठाऊक नव्हतं. यंदा जून महिन्यात याच सोसायटीच्या गेटवर मी स्टुलावर चढलो आणि हात वर केला, आणि मागे साळवे नव्हता. नेता किती उंच असतो हे मला त्या दिवशी कळलं. वॉचमनच्या स्टुलाएवढा.

मित्रांनो, हे नवं शहर आपल्याला एकेकटं करण्यासाठी बांधलं जात आहे. प्रत्येकाचा टँकर वेगळा, जनरेटर वेगळा, गेट वेगळं. ते आपल्याला सांगतं, पुढे जा, एकटा जा, फोटोच्या दोन्ही बाजू कापून टाक. माझा मुलगा मला म्हणाला, बाबा, आता तसं काही राहिलेलं नाही. तो हुशार आहे, आणि कदाचित बरोबरही असेल. पण जे राहिलेलं नाही ते पुन्हा सुरू करायला एक इस्त्रीवाली आणि हातात दुधी घेतलेली एक बाई पुरली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

विनयाचं थिएटर तिला ठेवू शकलं नाही. पुढे ती कुठे गाईल हे तिलाही माहीत नाही. ती दहा ऑक्टोबरला येते आहे. २३ नोव्हेंबरला ती आपल्यासाठी गाणार नाही. आपल्याबरोबर गाणार आहे. तिला तीस माणसं हवी आहेत. आतापर्यंत चार नावं आली: भानुमतीबाई, तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर, माझी पत्नी, आणि मी. मला स्वर कळत नाही. मला मागच्या ओळीत, डावीकडून चौथी जागा मिळाली आहे, आणि शेजारी श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही, एवढा नियम मी पाठ करतो आहे. आयुष्यभर मी बरोबर उलटं केलं, त्यामुळे वेळ लागतो.

ज्यांना तिचं गाणं बसून ऐकायचं आहे, त्यांच्यासाठी खुर्च्या मांडलेल्या नाहीत.

रविवार, १२ ऑक्टोबर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजता सी ब्लॉकच्या कम्युनिटी हॉलमध्ये या. पत्रिका आणू नका, आवाज चांगला आहे की वाईट ते घरी तपासू नका. मागच्या ओळीत येऊन उभे राहा, आणि विनया हात वर करील तेव्हा तोंड उघडा.

आपला,
शांताराम खोत